परंगीमलैची टेकडी आणि घरातले कॉकपिट

चेन्नईच्या मीनंबक्कम विमानतळाच्या ईशान्येस, अगदी जवळ, सेंट थॉमस माउंट ही सुमारे ३०० फूट उंचीची टेकडी आहे. स्थानिक तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात. घरच्या संगणकावर या विमानतळावरून ‘उड्डाण’ करणाऱ्या हौशी वैमानिकाला ती खिडकीतून दिसायला हवी. ती किती खरी दिसेल, हे मात्र जमिनीच्या मोजणीवर अवलंबून असते.

फ्लाइट सिम्युलेटरच्या छंदात पैसा बेताचा असेल तर एक प्रश्न हटकून पडतो. विमानतळाची तपशीलवार सीनरी विकत घ्यावी, की योक, थ्रॉटल, रडर पेडल अशी सामग्री जमवून टेबलावर कॉकपिट उभारावे? हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. पण या दोन वस्तूंची कुळे मुळातच वेगळी आहेत.

कॉकपिटचे कूळ अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील एका कारखान्यातून निघाले. एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. ऑर्गनचे भाते आणि झडपा वापरून लिंकने १९२९ मध्ये हलणारे, कलणारे नकली विमान तयार केले. त्यावर झाकण घातले की बाहेरचे काहीच दिसत नसे, आणि शिकायचे तेच होते. विमान एकसारखे वळत राहिले की कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव थोड्याच वेळात नलिकांच्या गतीला गाठतो आणि वळण जाणवेनासे होते. ढगात शिरलेला वैमानिक शरीरावर विश्वास ठेवतो आणि फसतो. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले, तेव्हा खराब हवामानात अनेक वैमानिक दगावले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली.

त्याआधी दोनच वर्षे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या विमानात रेडिओ नव्हता. नद्या, रूळ, डोंगर पाहूनच वाट काढायची. म्हणजे लिंकच्या विद्यार्थ्याला देखावा अजिबात नको होता, आणि व्हिन्सेंट यांचा सारा भरवसा देखाव्यावरच होता.

संगणकावर देखावा आला तो बराच उशिरा. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या ब्रूस आर्टविकने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲपल-२ साठी सिम्युलेटर बाजारात आणला. त्यातली जमीन म्हणजे सरळ रेषांनी आखलेले चौकोन. पुढे १९८२ च्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत उड्डाणाची सुरुवात शिकागोच्या मेग्ज फील्ड या धावपट्टीवरून होऊ लागली. (खऱ्या मेग्ज फील्डची धावपट्टी २००३ मध्ये एका रात्रीत बुलडोझरने उखडण्यात आली, जुन्या सिम्युलेटरांत ती अजून शाबूत आहे.)

सीनरीचे खरे कूळ मात्र संगणकाहून कितीतरी जुने आहे आणि ते चेन्नईतच सापडते. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजायला सुरुवात केली. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, उन्हाने पोलाद प्रसरण पावते म्हणून शेजारी तापमापक ठेवायचे, मग साखळी पुढे न्यायची. असे सुमारे चारशे वेळा करून साडेसात मैल भरले. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण उत्तरेकडे सरकले. लॅम्बटन १८२३ मध्ये, काम अर्धवट असताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

साखळीचे काम पुढे रडारने हाती घेतले. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची टिपली. परंतु अमेरिकेसाठी दर ३० मीटरला एक नोंद खुली झाली, तर उर्वरित जगासाठी दर ९० मीटरला एक. क्षेत्रफळाच्या हिशेबात शिकागोच्या हौशी वैमानिकाला जिथे नऊ नोंदी मिळत, तिथे चेन्नईच्या वाट्याला एक येई. परंगीमलैसारखी छोटी टेकडी अशा जाळीत मोजक्याच ठिपक्यांत मावते आणि तिचा माथा बोथट होतो. सर्वांसाठी बारीक जाळी खुली करण्याची घोषणा व्हायला २०१४ उजाडले. दरम्यान ५ मे २००५ रोजी, चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सुटला होता. त्याचे दोन कॅमेरे एकच जमीन वेगवेगळ्या कोनांतून टिपत. त्यावरून इस्रोने उंचीचा नकाशा घडवला आणि ‘भुवन’वर उपलब्ध करून दिला.

नोंद चुकली तर देखणी सीनरीही खोटे बोलते. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये मेलबर्नच्या साध्या वस्तीत २१२ मजली मनोरा उभा राहिला. नकाशात कोणीतरी २ ऐवजी २१२ लिहिले होते. शिवाय सीनरी शिळी होते. चेन्नईची दुसरी धावपट्टी पुलावरून अड्यार नदी ओलांडते आणि नव्या टर्मिनलचे उद्घाटन एप्रिल २०२३ मध्ये झाले. त्याआधी घेतलेल्या सीनरीत ते टर्मिनल कसे असणार? पेडलला असे वय नसते. वाऱ्याच्या आडव्या झोतात उतरताना पायांनी काय करायचे, हे कळफलकावर शिकता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने पहिला रुपया पेडल आणि योकवर खर्चावा, दुसरा सीनरीवर. केवळ शहर वरून पाहायचे असेल, तर अर्थात उलट.

सीनरीपुरती तरी परिस्थिती बदलते आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना नकाशे बनवण्याची मुभा दिली. आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांहून अचूक मोजणी परदेशी कंपन्यांना स्वतः करता येत नाही. ती भारतीय संस्थांकडूनच परवान्याने घ्यावी लागते. त्यामुळे परंगीमलैचा माथा याहून बारकाईने हवा असेल, तर त्याची मोजणी आता इथल्याच कोणीतरी करायची आहे.