लिनक्स : अर्ध्यावर अडकलेले अद्ययावतीकरण आणि तुटलेली पॅकेजे

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकाच्या परिसरात, कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आदी राज्यांतून लाखो भाविक येतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदविले. या भाषेसाठी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी घडविली. जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या १०.० या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. तेलंगणातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची दुसरी गोंडी लिपी त्यानंतर वर्षभरात, ११.० या आवृत्तीत आली.

लिनक्सवरील लेखाचा आरंभ यात्रेपासून का, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर एका जुन्या संगणकात आहे. एप्रिल २०१६ मध्ये निघालेली उबुंटू १६.०४ ही प्रणाली ज्या संगणकावर आहे, त्याला मसराम गोंडी लिपी ठाऊकच नाही. तिच्यातील मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. ‘नोटो सान्स मसराम गोंडी’ हा मोफत टंक आणून बसविला तर सुटी अक्षरे उमटतात, पण रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. कारण अक्षरांची जुळणी टंक एकटा करीत नाही. ते काम ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते आणि त्या प्रणालीतील तिची आवृत्ती या लिपीच्या आधीची आहे. मग हार्फबझ तेवढी नवी आणावी म्हटले, तर ती फ्रीटाइप, जीलिब, ग्रॅफाइट आणि सी भाषेची मूळ लायब्ररी यांवर विसंबते; आणि लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारखे अनेक कार्यक्रम थेट किंवा अप्रत्यक्षपणे तिचा आधार घेतात. एक वीट बदलायची तर भिंत हलते. यालाच ‘डिपेन्डन्सी’ अर्थात पॅकेजांचे परस्परावलंबन म्हणतात.

तेव्हा संपूर्ण प्रणालीच अद्ययावत करणे हा रास्त मार्ग ठरतो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये एक पायरी गाळून पुढे जाता येत नाही, १६.०४ वरून १८.०४, तेथून २०.०४, मग २२.०४ असा टप्प्याटप्प्याने प्रवास करावा लागतो. प्रत्येक टप्प्यात शेकडो पॅकेजे बदलतात. त्यात मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली, तर संगणक ना जुना राहतो ना नवा होतो. अशा वेळी शेजारीपाजारी, दुकानदार, जाणकार म्हणविणारे, सगळ्यांचा एकच सल्ला असतो : ‘फॉरमॅट मारा.’ ज्या संगणकावर यात्रेत ध्वनिमुद्रित केलेली गाणी, वडीलधाऱ्यांकडून उतरवून घेतलेले शब्द आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही, तेथे हा सल्ला घातक आहे. शिवाय बहुतेक वेळा तो अनावश्यकही असतो.

बिघाड कोठे होतो?

डेबियन ही लिनक्सची वितरण आवृत्ती १९९३ साली इयान मरडॉक यांनी सुरू केली. उबुंटू तिच्यावर बेतलेली आहे. सी-डॅक या संस्थेने २००७ पासून प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे पुढील उपाय तिलाही लागू पडतात. या कुटुंबात पॅकेज बसविण्याचे काम दोघे मिळून करतात. ‘ॲप्ट’ कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीत हवे याचा हिशेब करतो आणि ती भांडारातून उतरवून घेतो. ‘डीपीकेजी’ ती प्रत्यक्ष बसवितो.

ॲप्ट साधारणपणे सर्व पॅकेजे आधी उतरवून घेतो आणि नंतरच ती डीपीकेजीच्या हाती देतो. म्हणून उतरवून घेताना इंटरनेट तुटले तर सहसा काहीच बिघडत नाही. आज्ञा पुन्हा दिली की काम थांबले होते तेथून पुढे चालते. धोका त्यानंतर सुरू होतो. डीपीकेजीचे काम दोन टप्प्यांचे. प्रथम तो पॅकेज उलगडून फायली जागेवर ठेवतो, मग ते कार्यान्वित करतो. या दोन टप्प्यांच्या दरम्यान वीज गेली तर फायली नव्या, मांडणी जुनी, अशी अवस्था होते. सुदैवाने डीपीकेजी हा मोठा काटेकोर कारकून आहे. कोणते पॅकेज अर्धे बसले, कोणते उलगडले पण कार्यान्वित झाले नाही, याची नोंद तो ‘व्हार’ या फोल्डरातील ‘लिब’, त्यातील ‘डीपीकेजी’ आणि त्यातील ‘स्टेटस’ या फाइलमध्ये ठेवतो. दुरुस्तीचा सारा भरवसा या वहीवर आहे.

दुरुस्तीचा क्रम

पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. पडदा काळाच राहत असेल तर घाबरून जाऊ नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यास बहुधा अक्षरी टर्मिनल उघडते. तेही न उघडल्यास संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ‘ग्रब’च्या यादीतून ‘रिकव्हरी मोड’ निवडावा. हेही साधले नाही, तर लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. प्रणाली मोडलेली असली तरी त्या मार्गाने आपल्या फायली दिसतात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी.

मग जागा पाहावी :

डीएफ -एच

मूळ विभाग किंवा ‘बूट’ हा विभाग शंभर टक्के भरलेला असेल तर पुढचा कोणताही उपाय चालणार नाही. ‘बूट’ वेगळा आणि लहान असल्यास तेथे जुने कर्नल साचतात, नव्या कर्नलला जागा उरत नाही आणि त्याचे पॅकेज अर्धवट कार्यान्वित होऊन अडते. हे कारण फार नेहमीचे आहे. ‘युनेम -आर’ या आज्ञेने सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते पाहावे आणि त्याला सोडून इतर जुने कर्नल काढावेत. जागा करण्यासाठी ‘ॲप्ट क्लीन’ ही आज्ञा सर्वत्र सुचविली जाते. जेथे इंटरनेट मुबलक आहे तेथे ती निर्धोक. पण ती उतरवून घेतलेली सर्व पॅकेजे पुसते. मोबाइलच्या क्षीण जोडणीवर दोन रात्री घालवून जे मिळविले, तेच दुरुस्तीला लागणार असते.

जागा झाली की कारकुनाला अर्धवट नोंदी पुऱ्या करण्यास सांगावे :

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

वीज गेल्याने झालेले अनेक बिघाड एवढ्यानेच मिटतात. काही पॅकेजांची तक्रार राहिली तर :

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

ही आज्ञा उणी असलेली पॅकेजे आणते आणि ज्यांची गरज भागणार नाही ती काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडते. येथेच डोळे उघडे हवेत. प्रस्तावात ‘काढली जाणारी पॅकेजे’ अशी एक यादी असते. तीत दोनचार अनोळखी लायब्ऱ्या असतील तर चिंता नाही. पण संपूर्ण डेस्कटॉप, कर्नल किंवा ‘लिबसी६’ दिसले तर ‘नाही’ म्हणून थांबावे. आज्ञेत ‘-एस’ हा पर्याय जोडला तर प्रत्यक्ष काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम पाहता येते.

या सावधगिरीचे एक गाजलेले उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील लिनस सेबास्टियन या प्रसिद्ध तंत्रज्ञान-सादरकर्त्याने पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर ‘स्टीम’ हा खेळांचा कार्यक्रम बसविण्याचा प्रयत्न केला. पॅकेजातील त्या वेळच्या दोषामुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढून टाकण्याचा प्रस्ताव दिला, सोबत ठळक इशाराही दिला आणि ‘होय, मी सांगतो तसेच करा’ अशा अर्थाचे संपूर्ण वाक्य टंकण्यास सांगितले. त्यांनी ते टंकले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. हा प्रकार लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिला. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी ही वाट अधिक अवघड केली. इशारा देणारे यंत्र आणि न वाचता ‘होय’ म्हणणारा माणूस, यांत दोष कोणाचा यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते इशारा सामान्य माणसाच्या भाषेत नसेल, तर निम्मा दोष यंत्राकडे जातो.

कुलपासंबंधीची तक्रारही वारंवार दिसते. डीपीकेजीची वही एका वेळी एकालाच लिहिता यावी म्हणून तिला कुलूप असते. ते मिळत नाही असा संदेश आला की ती फाइल पुसून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तसे करू नये. पुष्कळदा पार्श्वभूमीवर स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू असते आणि पाच-दहा मिनिटांत ते आपोआप संपते. चालू काम असताना कुलूप तोडले तर दोघे एकाच वहीत लिहू लागतात.

हटवादी गाठी

एवढे करूनही तिढा सुटत नसेल तर संदेश नीट वाचावा. उदाहरणार्थ, एखादे पॅकेज ‘लिबसी६’ची २.३४ किंवा त्यापुढील आवृत्ती मागते आणि उबुंटू २०.०४ वर २.३१ आहे. याचा सरळ अर्थ असा, की ते पॅकेज या आवृत्तीसाठी बांधलेले नाही. इंटरनेटवरून सुटी लिबसी६ शोधून ती जबरदस्तीने बसविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रणालीतील जवळपास प्रत्येक कार्यक्रम या लायब्ररीवर चालतो. ते बाहेरचे पॅकेज काढावे किंवा आपल्या आवृत्तीसाठी बांधलेले मिळवावे.

असे पाहुणे कोठून आले हे ‘ॲप्ट पॉलिसी’ या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव लिहिल्यास कळते : कोणती आवृत्ती बसली आहे, कोणती उपलब्ध आहे आणि ती कोणत्या भांडारातली. कधी काळी एखाद्या कार्यक्रमासाठी जोडलेले आणि मग विसरलेले तिऱ्हाईत भांडार हे बहुतेक हट्टी गाठींचे मूळ असते. ते तात्पुरते बंद करून ‘ॲप्ट अपडेट’ द्यावे आणि दुरुस्ती पुन्हा करावी. वेगवेगळ्या आवृत्त्यांची भांडारे मिसळून तयार होणाऱ्या प्रणालीला डेबियनचे लोक गमतीने ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ या आज्ञेने कोणते पॅकेज मुद्दाम रोखून धरले आहे तेही पाहावे. आपणच कधी लावलेली ही खीळ पुढे आठवत नाही.

दोन पॅकेजे एकाच फाइलवर हक्क सांगतात तेव्हा ‘--फोर्स-ओव्हरराइट’ हा पर्याय वापरता येतो. जबरदस्तीच्या पर्यायांपैकी क्वचित वापरण्याजोगा हा एकच. बाकीच्यांपासून दूर राहिलेले बरे. नोंदवहीच खराब झाली असेल तर ‘व्हार’मधील ‘बॅकअप्स’ या फोल्डरात तिच्या आधीच्या प्रती असतात, त्यांतील सर्वांत अलीकडची परत ठेवता येते. शेवटी नेमके काय काय बदलले हे ‘व्हार’, ‘लॉग’, ‘ॲप्ट’ या मार्गाने जाऊन ‘हिस्टरी’ या फाइलीत तारीखवार वाचावयास मिळते.

फेडोरा आणि रेड हॅट यांच्या कुटुंबात डीपीकेजीच्या जागी आरपीएम आणि ॲप्टच्या जागी डीएनएफ असतो. तेथे ‘डीएनएफ हिस्टरी’ने मागचे व्यवहार दिसतात आणि जुनी पॅकेजे भांडारात शिल्लक असतील तर व्यवहार उलटविताही येतो. याबाबतीत तो ॲप्टच्या जुन्या आवृत्त्यांहून सरस आहे, हे मान्य केले पाहिजे.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी

दुरुस्तीसाठी लागणारी पॅकेजे उतरवून घेण्यास जोडणी हवी, आणि गुहेच्या परिसरातील गावांत तिची शाश्वती नसते. यावर साधी युक्ती आहे :

ॲप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज -एफ इन्स्टॉल

ही आज्ञा काहीही न बसविता, लागणाऱ्या प्रत्येक पॅकेजाचा पत्ता, फाइलचे नाव आणि आकार छापते. ही यादी पेन ड्राइव्हवर घेऊन गोंदियाला जावे, तेथील कोणत्याही संगणकावर त्या फायली यादीतील नावांनीच उतरवून घ्याव्यात आणि परत येऊन ‘व्हार’, ‘कॅश’, ‘ॲप्ट’, ‘आर्काइव्ह्ज’ या फोल्डरात ठेवाव्यात. पुढची दुरुस्तीची आज्ञा त्या तेथूनच उचलते. तेथील संगणकावर विंडोज असले तरी बिघडत नाही.

संपूर्ण अद्ययावतीकरणच असे बाहेरून आणायचे असेल, तर रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने तयार केलेला ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हा कार्यक्रम आहे. ‘सेट’ या आज्ञेने तो गरजांची फाइल बनवितो, जोडणी असलेल्या संगणकावर ‘गेट’ने त्या भागवितो आणि परतल्यावर ‘इन्स्टॉल’ने सर्व ऐवज ॲप्टच्या हवाली करतो. फक्त तो प्रणाली सुस्थितीत असतानाच बसवून ठेवायला हवा. अद्ययावतीकरणाच्या वेळी लॅपटॉपची बॅटरी किंवा यूपीएस जोडलेला असावा हे निराळे सांगायला नकोच.

सारे झाल्यावर ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ आणि ‘सुडो ॲप्ट-गेट चेक’ या दोन आज्ञा द्याव्यात. पहिलीने काहीच न छापणे ही शुभवार्ता समजावी. दुसरीने चूक दाखविली नाही तर अवलंबनाचा हिशेब जुळला. मग संगणक पुन्हा सुरू करावा. डेबियन आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ या पॅकेजात मसराम गोंडीचा टंक असतो. ते बसवून जुनी फाइल उघडावी आणि रफार व जोडाक्षरे आपापल्या जागी बसली आहेत का, ते एखाद्या गोंडी वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावे.