बिलियर्ड्‌सच्या टेबलाची जागा

सूर्यमाळेच्या पठारावर बिलियर्ड्‌सची कथा सांगायला येणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला खेळावयाचे झाले तर माळ पुरतो, पायाखालची जमीन पुरते आणि दांडक्यासाठी रान पुरते. बिलियर्ड्‌सचे तसे नाही. या खेळाला माणसाच्याही आधी खोली लागते. खेळाडू कोण होते हे सांगण्यापूर्वी खोलीचा हिशेब मांडणे म्हणूनच भाग आहे. या खेळाची सार्वजनिक दालने आपल्या शहरांतून का ओसरली, याचे निम्मे उत्तर त्या हिशेबातच आहे.

पूर्ण मापाचे टेबल लांबीला बारा फूट आणि रुंदीला सहा फूट असते. हिरव्या लोकरी कापडाखाली लाकूड नसते, दगड असतो. पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या सांध्याला सांधा जुळवून बसवितात, आणि सगळ्या टेबलाचे वजन एका टनाच्या वर जाते. खेळण्याची काठी, म्हणजे क्यू, सुमारे पाच फुटांची. ती मागे खेचावयास चारी अंगांना तेवढीच मोकळी जागा हवी. म्हणजे बावीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद, साडेतीनशे चौरस फुटांची खोली एका टेबलाला लागली. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. दोन बिऱ्हाडांना पुरेल त्याहून अधिक जागा दोन माणसांच्या खेळासाठी! त्याच चाळीत कॅरमने मात्र घर केले, कारण कॅरमला एकोणतीस इंचांचा चौरस पट पुरतो. तो रात्री भिंतीला टेकवून ठेवला की खाली अंथरुण पडते.

अशी खोली परवडे ती साहेबाला. लष्करी छावण्या आणि क्लब यांच्याबरोबर बिलियर्ड्‌स हिंदुस्थानात पसरले. स्नूकर तर जन्मानेच इथले. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळात रंगीत चेंडू घालून तो रचला. ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे. नवशिक्या सैनिकी विद्यार्थ्याला थट्टेने ‘स्नूकर’ म्हणत, तेच नाव खेळाला चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले. परंतु क्लबाला दार असते आणि दारावर सभासदत्वाची पाटी असते. सामान्य माणसाला टेबल दिसले ते सार्वजनिक दालनात, तासाचे पैसे मोजून. ज्याच्यापाशी पैसे नसत तो बाकावर बसून पाहत राही, आणि पाहण्याला पैसे पडत नसत.

या खेळात पाहणे हेच अर्धे शिक्षण होते. चेंडूवर काठी कोठे लावावी, एका चेंडूने दुसऱ्या दोघांना स्पर्श करून पुन्हा सोयीच्या जागी कसे थांबावे, हे पुस्तकातून उमजत नाही. बाकावर बसणाऱ्याला ते रोज दिसे. त्याचा दुसरा गुरू मार्कर. फलकावर गुण मांडणे, कापडाला ब्रश मारणे, क्यूच्या टोकाला चामड्याची टोपी बसविणे ही त्याची कामे. जोडीदार नसलेल्या गिऱ्हाइकाशी दोन हात खेळणे हेही त्यातच आले. टेबलाचा कोणता कोपरा जरा उतरता आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे. आयुष्यभर तो दुसऱ्यांचेच गुण लिहीत राहिला. खेळाच्या इतिहासात त्याच्यासाठी एक ओळही नाही, हा मला मोठा अन्याय वाटतो.

आता विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, २ मे १९२२ चा, अँग्लो-इंडियन कुटुंबातला. हा काही संस्थानिक नव्हता की पेढीवाला शेठ नव्हता. पोटासाठी नोकरी करून खेळणारा माणूस. १९५० मध्ये तो पहिल्यांदा बिलियर्ड्‌सचा राष्ट्रीय विजेता झाला आणि तो मान त्याने एकूण बारा वेळा मिळविला. जागतिक स्पर्धांत आधी त्याने पराभव पाहिले होते. डिसेंबर १९५८ मध्ये कलकत्त्यात तो हौशी बिलियर्ड्‌सचा जगज्जेता झाला. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेला हा पहिला जगज्जेता. क्रिकेटचा नव्हे, कुस्तीचा नव्हे, बिलियर्ड्‌सचा! १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्याने ते पद पुन्हा जिंकले. १९६५ मध्ये पद्मश्री झाली आणि शिकविण्याबद्दलचा द्रोणाचार्य पुरस्कार यावयास १९९६ उजाडले. टेबलापाशी त्याचे वागणे इतके सौम्य असे की, हरलेल्यालाही त्याचा राग येत नसे, असे त्याला पाहिलेले लोक सांगत. ओम अगरवाल आणि अशोक शांडिल्य हे त्याचे शिष्य. पहिला १९८४ मध्ये स्नूकरचा हौशी जगज्जेता झाला, आणि दुसऱ्याने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत गीत सेठींच्या जोडीने सुवर्णपदक आणले. ऑक्टोबर २००३ मध्ये जोन्स मुंबईत वारला.

त्याच्यामागून आलेले मुंबईचे मायकेल फरेरा निराळ्या घडणीचे, तापट आणि स्पष्टवक्ते. १९७८ मध्ये एका डावात सलग ११४९ गुण करून हजाराचा उंबरठा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन जगज्जेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. १९८१ मध्ये पद्मश्री देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. गावसकरांना पद्मभूषण, मग मला का नाही, हा त्यांचा सवाल. पुष्कळांना तो उद्धट वाटला; मला त्यात केवळ अहंकार दिसत नाही. हा खेळ दुय्यम मानला जातो, ही बोच त्यामागे होती. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालेच.

दुय्यम मानण्याचे कारण दालनाच्या लौकिकात होते. बिलियर्ड्‌स म्हणजे धूर, पैज आणि वाया गेलेला मुलगा, असे समीकरण मध्यमवर्गीय घरांत पक्के झाले होते. वस्तुतः १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. परंतु कायदा म्हणतो एक आणि आई म्हणते दुसरे! पैजा लागत नसत असे मी म्हणणार नाही. शिवाय करमणुकीच्या जागेला १९५१ च्या पोलीस कायद्याखालील परवान्याचे बंधन होते. अशी जागा चालविणाऱ्याने पोलीस, घरमालक आणि शेजारी या तिघांना सांभाळावयाचे, तेही तासाला मिळणाऱ्या थोड्या पैशांवर.

१९९० नंतर उपग्रह दूरचित्रवाणीवर स्नूकर घरोघर दिसू लागले आणि शहरांतून दालनांची नवी लाट आली. त्यांत पूलची लहान टेबले अधिक. पूलचे टेबल फार तर नऊ फुटांचे, डाव लवकर संपतो, गिऱ्हाईक बदलते. व्यवहाराला हे सोयीचे होते. बिलियर्ड्‌सला मात्र तास-तास एकाच माणसाला टेबल द्यावे लागते. पुढे जागेचे भाव वाढत गेले तसा हाही धंदा आतबट्ट्याचा होऊ लागला. त्याच साडेतीनशे चौरस फुटांत उपाहारगृहाची चार-पाच मेजे मांडली तर दिवसभर गल्ला भरतो. काही दालने आजही चालतात, पण बिलियर्ड्‌सचे मोठे टेबल आणि पाहणाऱ्यांचे बाक अशी जुनी मांडणी विरळा झाली. १९९८ ते २०१० पर्यंत हा खेळ आशियाई स्पर्धांत होता. २०१४ मध्ये तो गळला आणि सरकारी मदतीकडे बोट दाखविण्याचा एक आधारही गेला.

खेळच संपला असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, पुण्यात पी. वाय. सी. हिंदू जिमखाना अशा संस्थांत स्पर्धा होतात, चांगल्या होतात. पण तेथील रोजचे टेबल सभासदाचे आहे. खेळ जेथून दालनात उतरला होता तेथेच, क्लबाच्या दाराआड, तो परत गेला आहे.

दुसरीकडे काय झाले तेही पाहावे. पंकज अडवाणीचा जन्म १९८५ मध्ये पुण्यातच झाला. पण तो शिकला बंगळूरला, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. त्या शहरात कर्नाटक राज्य बिलियर्ड्‌स संघटनेने या खेळाला स्वतःचे दालन राखून ठेवले आहे. दहा-अकरा वर्षांचा असताना थोरल्या भावाच्या मागोमाग तो टेबलापाशी गेला आणि आधी नुसता पाहत राहिला. आज त्याच्या नावावर पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे आहेत.