मँचेस्टरची तबकडी, सोलापूरचा माग

सोलापूरची कीर्ती कापडाची. १८७७ साली येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. पुढे इतर गिरण्या निघाल्या आणि लोक या पहिल्या गिरणीस कौतुकाने ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. तिच्या भोंग्यावर सारे शहर उठे आणि जेवी. परंतु याच शहराच्या पूर्व भागात एक निराळी वस्ती होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी माग घरातच असे. नवरा धोटा फेकी, बायको कांड्या भरी, मुले हाताखाली राबत. त्यांना भोंगा नव्हता. पण म्हणून ते अगदी स्वतंत्र होते असे मात्र म्हणता येणार नाही. माग घरचा असला तरी सूत बहुधा सावकाराचे असे, आणि विणलेले लुगडे बाजारात नेऊन विकणाराही तोच असे.

माग कुणाचा, सूत कुणाचे आणि बाजार कुणाचा, हे तीन प्रश्न सोलापूरच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाहीत. आज हेच तीन प्रश्न कापडाऐवजी गाण्याला विचारून पाहावयाचे आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर गाणे हवेच. तेव्हा गाणे आपल्या कानांपर्यंत पोहोचते ते कुणाच्या मागावर विणले जाऊन, हे जाणून घेण्यास हा मुहूर्त काही वाईट नाही.

यंत्र येण्यापूर्वी हा प्रश्न सोपा होता. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. पुराणिकाच्या घरातील हा ब्राह्मणाचा मुलगा डफ-तुणतुण्याच्या नादी लागला आणि त्याच्या लावण्या पेशवाईच्या उत्तरकाळात महाराष्ट्रभर झाल्या. १८१२ च्या सुमारास ते निवर्तले. त्यांच्या लावण्या छापणारा कुणी नव्हता आणि मुद्रित करणारे यंत्रही नव्हते. ऐकणारा तोंडपाठ करी आणि दुसऱ्या गावी जाऊन गाई. गाणे कुणाचे, हे सांगण्याची सोय शाहिराने गाण्यातच करून ठेवलेली असे. शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा गुंफली की मालकीचा शिक्का उमटला. पैसा त्यातून फारसा येत नसे, पण गाणे लोकांपुढे न्यावे की नाही, हे ठरवणारा तिसरा माणूस मध्ये उभा नव्हता.

तो तिसरा माणूस यंत्राबरोबर आला. १९०२ च्या अखेरीस इंग्रजी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या जुन्या तबकड्या ऐकल्या, तर गाणे संपता संपता बाई इंग्रजीत आपले नाव उच्चारताना ऐकू येतात. याचे कारण मोठे मौजेचे आहे. मुद्रित केलेले गाणे पक्क्या तबकडीवर उमटवण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाणारी कोण आणि गाणे काय याचा पत्ता नसे. तेव्हा निदान नाव कळावे म्हणून हा खटाटोप. शाहिराची नाममुद्रा पुन्हा आली खरी, पण या वेळी ती रसिकांसाठी नव्हती; ती कारखान्यातल्या नोंदीसाठी होती. शिवाय या तबकड्यांना जी लाख लागे, ती मुख्यतः हिंदुस्थानच्या रानांतून जाई. गळा आमचा, लाख आमची. साचा आणि दुकान मात्र परक्यांचे. कापसाची आणि कापडाची कथा याहून फार निराळी नव्हती. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, पण मालक तेच राहिले.

स्वदेशीचे वारे वाहू लागले तेव्हा ही गोष्ट काही जाणत्यांच्या ध्यानात आली. ‘कुंतलीन’ नावाचे केशतेल काढणारे कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी वंगभंगाच्या चळवळीत, १९०६ साली, मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित करून विकण्यास आरंभ केला. रवींद्रनाथांचा आवाज त्यांनी त्या काळी टिपला. महाराष्ट्रात हा प्रयोग जोमाने झाला तो पुढे तीसाव्या दशकात.

त्या दशकाची सुरुवात सोलापुरास विसरता येणार नाही. १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि डोक्यावर गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फासावर गेले. कापड कुणाचे, हा प्रश्न तेव्हा प्राणांवर बेतणारा होता. अशा हवेत १९३५ च्या सुमारास मुंबईस वडाळ्याला ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. तिच्या तबकड्यांवर नाव असे ‘यंग इंडिया’, जे महात्माजींच्या साप्ताहिकाचे नाव होते. मोठ्या कंपन्यांनी नावाजलेले गवई आधीच बांधून घेतलेले असल्याने या कंपनीने पुष्कळ नवख्या आणि हौशी गळ्यांना संधी दिली. सुमारे वीस वर्षे हा कारखाना चालला आणि पन्नाशीच्या दशकात बंद पडला. स्वदेशी साचा होता, देशी गळेही होते. बाजार मात्र मोठ्या कंपनीच्या मुठीतून शेवटपर्यंत सुटला नाही.

येथून आपणांस थोडा लांबचा प्रवास करावयाचा आहे, आणि तोही सोलापूरच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या गावी. मँचेस्टर हे नाव आपल्याकडे घेतले जाई ते रागानेच. १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, तो तेथल्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून. १९२६ साली तो रद्द होईपर्यंत सोलापूरच्या गिरण्यांनाही तो सोसावा लागला. पण काळाचा न्याय असा की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्याच गिरण्या ओस पडल्या. धुराडी थंडावली आणि तरुण बेकार हिंडू लागले. त्या शहरात गाणारी मुले होती, पण तबकड्या काढणाऱ्या बड्या कंपन्या साऱ्या लंडनमध्ये. मँचेस्टरच्या पोराने लंडनच्या दारात उभे राहावे, कुणा साहेबाने ऐकून मान हलवली तरच त्याचे गाणे जगासमोर यावे, अशी ती रीत होती.

जवळच्या बोल्टन गावी शिकणाऱ्या हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी ही रीत मोडली. त्यांनी ‘बझकॉक्स’ नावाचा वाद्यवृंद जमवला. स्टीव्ह डिगल आणि जॉन मॅहर हे दोघे त्यांना येऊन मिळाले. गिटार आणि ढोल यांचे त्यांचे गाणे कर्कश, वेगवान आणि आखूड असे. आपल्या कानांना ते रुचेलच असे नाही. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरमधल्याच एका ध्वनिमुद्रणगृहात या चौघांनी चार गाणी काही तासांत मुद्रित केली. मुद्रणाची बाजू मार्टिन हॅनेट या तरुणाने सांभाळली. खर्चासाठी सुमारे ५०० पौंड इष्टमित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेतले. कंपनी नव्हती, म्हणून कागदोपत्री एक काढली आणि तिला ‘न्यू हॉर्मोन्स’ असे गमतीचे नाव दिले. २९ जानेवारी १९७७ रोजी तबकडी बाहेर पडली. तिचे नाव ‘स्पायरल स्क्रॅच’, म्हणजे चक्राकार ओरखडा. तबकडी म्हणजे दुसरे असते तरी काय?

पहिल्या खेपेस त्यांनी फक्त १,००० प्रती काढल्या होत्या. त्या हातोहात गेल्या. पुढे टपालाने मागण्या येऊ लागल्या आणि विक्री सुमारे १६,००० वर पोहोचली. या तबकडीच्या वेष्टनावर एक असा मजकूर होता, जो बडी कंपनी सहसा छापीत नसे. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले आणि त्यावर मागाहून काही चढवले की नाही, याची सरळ नोंद त्यांनी प्रत्येक गाण्यापुढे केली होती. विणकराने लुगड्याच्या पदराला चिठ्ठी लावून त्यावर इतके दिवस लागले, इतके धागे तुटले, असे लिहावे, तसा हा प्रकार. वाचणाऱ्यास त्यातून उमगले की तबकडी ही काही जादू नव्हे. हे आपणही करू शकू. आणि खरोखरच पुष्कळांनी केले. गावोगावी मुलांनी आपापल्या तबकड्या काढल्या. पुढच्याच वर्षी मँचेस्टरात टोनी विल्सन आणि त्याच्या मित्रांनी ‘फॅक्टरी’ हे नाव चालू केले. लंडनमधील ‘रफ ट्रेड’सारख्या दुकानांनी असा माल मांडण्यास आणि पोहोचवण्यास हात दिला, आणि १९८० पासून अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादीही छापली जाऊ लागली.

मात्र या कथेचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून ती खरी होणार नाही. तबकडी निघाल्यावर थोड्याच दिवसांत डेव्होटो वृंद सोडून गेला, आणि उरलेल्यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ या बड्या कंपनीशी करार केला. म्हणजे घरचा माग ठेवून ते गिरणीत गेले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. हजार प्रती मित्रांच्या मदतीने खपतात, पण लाखभर प्रती देशोदेशी पोहोचवावयाच्या तर त्याला बाजार लागतो. पूर्व भागातल्या आमच्या विणकराने हे त्यांना आधीच सांगितले असते.

मँचेस्टरमध्ये हे घडत होते त्याच सुमारास आपल्याकडे कॅसेट येत होती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही लहानशी फीत सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात हिंदुस्थानभर पसरली. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटची नक्कल लहानशा खोलीत दोन यंत्रांवर निघे. वर्षानुवर्षे एकट्या ग्रामोफोन कंपनीच्या हाती असलेला बाजार पाहता पाहता फुटला आणि गावोगावची गाणी, त्या त्या बोलींत, टपरीवर मिळू लागली.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे गायक प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) यांचा आवाज या काळात खऱ्या अर्थाने घरोघरी गेला. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते ही दोन्ही त्याच गळ्यातून आली, आणि एसटीच्या थांब्यापासून वारीच्या वाटेपर्यंत वाजत राहिली. मंगळवेढे हे संत चोखोबांचे गाव. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. ज्याच्या हाती लेखणी होती तो सहृदय निघाला, हे आपले भाग्य. परंतु गाणाऱ्याच्या नशिबी नेहमीच अनंतभट्ट यावा, हा काही नियम होऊ शकत नाही. कॅसेटने तो योग थोडा सोपा केला. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लागणाऱ्या दुकानांत जी गाणी मिळत, त्यांपैकी पुष्कळांना बड्या कंपनीचे दार उघडले नसते. तरी येथेही सुताचा आणि बाजाराचा प्रश्न उरलाच. गाणाऱ्याच्या हाती बहुधा एकरकमी बिदागी पडे, आणि चोरून काढलेल्या नकला तर त्याला एक पैसाही देत नसत.

आज फोनवर कुणीही गाणे मुद्रित करून क्षणात जगापुढे ठेवू शकतो. माग खिशात आला. पण ते गाणे कुणाच्या पुढे सरकवावयाचे आणि कुणाच्या मागे दडवावयाचे, हे ठरवणाऱ्या कंपन्या दूर बसलेल्या आहेत. सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली, पण बाजार ठरवणारा तिसरा माणूस काही नाहीसा झाला नाही.

म्हणून स्वतंत्र तबकडीचा हा इतिहास मला विजयाचा वाटत नाही आणि पराभवाचाही वाटत नाही. माग हाती आल्याने विणकर सावकारापासून सुटत नाही, हे खरे. पण काय विणावे, कोणती नक्षी काढावी आणि पदरावर कुणाचे नाव घालावे, हे तो ठरवू लागतो. मँचेस्टरच्या चार पोरांना एवढेच साधले, आणि ते थोडके नव्हते.

दिवाळीची झाडलोट करताना पुष्कळांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी सापडतील. एखादीवर आजोबांचे भजन असेल, एखादीवर आत्याने लग्नात म्हटलेली गाणी असतील. तीही आपल्या घराने स्वतः काढलेली, एकाच प्रतीची तबकडीच होय. ती टाकून देण्यापूर्वी एकदा ऐकावी, ऐकवावी, आणि गाणाऱ्याचे नाव व साल तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावे.