पदवीविना पाच शतकं

पॅरिसमध्ये सोरबॉनच्या शेजारी ‘कोलेज द फ्रान्स’ आहे. इथे प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही, हजेरीपट नाही आणि शेवटी हाती पडणारी पदवीही नाही. ज्याला ऐकायचं आहे त्याने आत येऊन बसावं. अशा शिक्षणाचा उपयोग काय, असं आपल्याकडे कुणीही विचारेल. या संस्थेला २०३० साली पाचशे वर्षं पूर्ण होतील.

सुरुवातच कुरबुरीतून झाली. सोळाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात लॅटिनचं राज्य होतं. लोक ग्रीक आणि हिब्रू मुळातून वाचू लागले, तर बायबलच्या लॅटिन पाठावर शंका घेतील, ही तिथल्या धर्मपंडितांची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. ग्रीकचे अभ्यासक ग्योम ब्यूदे यांनी राजा पहिला फ्रान्स्वा याच्यामागे लकडा लावला, तेव्हा १५३० साली राजाने या भाषांसाठी आपले व्याख्याते नेमले. पाठोपाठ गणितही आलं. पगार राजाचा, म्हणून विद्यापीठाचं त्यांच्यावर काही चालेना. १५३४ मध्ये धर्मपंडितांनी त्यांना न्यायालयात खेचलं, तरी व्याख्यानं काही थांबली नाहीत. पगार मात्र रखडत असे आणि स्वतःची इमारत तर नव्हतीच. तिचं घोंगडं इतकं भिजत पडलं, की पायाचा दगड बसायला १६१० साल उजाडलं.

या व्याख्यात्यांपैकी प्येर द ला रामे यांची गोष्ट सांगायलाच हवी. ॲरिस्टॉटलवर टीका करून त्यांनी निम्मं पॅरिस अंगावर घेतलं होतं. १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यू हत्याकांडात ते मारले गेले. मृत्युपत्रात त्यांनी गणिताच्या अध्यासनासाठी पैसे ठेवले होते, पण अट विलक्षण होती : दर तीन वर्षांनी खुली स्पर्धा होणार आणि जिंकेल तो प्राध्यापक. गणिती रोबेर्वाल यांनी १६३४ पासून १६७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही जागा राखली. स्पर्धेतले प्रश्न पदावरचा प्राध्यापकच काढत असे. साहजिकच रोबेर्वाल आपले शोध छापण्याऐवजी पुढच्या स्पर्धेसाठी मुठीत ठेवत आणि मग दुसऱ्या कुणी तेच प्रसिद्ध केलं, की हे आपण आधीच शोधलं होतं म्हणून भांडत. विद्यार्थ्यांना परीक्षेतून मोकळं करणाऱ्या संस्थेत परीक्षेने एका प्राध्यापकाची अशी गत केली.

राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, फ्रान्समधली विद्यापीठं बरखास्त झाली, पण कोलेज टिकलं. माझ्या मते, ना पदव्यांची मक्तेदारी ना धर्मपीठाचा शिक्का, त्यामुळे तिथे मोडून काढण्यासारखं फारसं काही नव्हतं.

खरी हुशारी आहे ती अध्यासनांच्या व्यवस्थेत. प्राध्यापक निवृत्त झाला, की त्याचा विषय आपोआप पुढच्याकडे जात नाही. रिकाम्या जागी आता कोणता विषय हवा, हे सारे प्राध्यापक मिळून नव्याने ठरवतात. त्यामुळे इतरत्र ज्या विषयांना थारा नसे, ते इथे आधी रुजले. १८१४ मध्ये युरोपातलं संस्कृतचं पहिलं अध्यासन इथे निघालं. त्यावर आलेले शेझी हे संस्कृत बरंचसं आपलं आपणच शिकलेले होते. १८३१ मध्ये इजिप्तविद्येसाठी शांपोल्यों आले, पण वर्षभरातच वारले.

स्वातंत्र्याचा डंका वाजवताना एक सांगायला हवं, की सरकारचा हात इथेही पोचत असे. १८६२ मध्ये हिब्रूचे प्राध्यापक एर्नेस्त रेनाँ यांनी पहिल्याच व्याख्यानात येशूला ‘अतुलनीय माणूस’ म्हटलं आणि त्यांचे वर्ग बंद झाले. १८७० मध्ये ते परतले, पुढे संस्थेचे प्रमुखही झाले. दुसऱ्या महायुद्धाने याहून मोठा घाव घातला. चीनचे अभ्यासक आंरी मास्पेरो आणि समाजशास्त्रज्ञ मोरीस आल्ब्वाक्स हे दोघेही १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावले. त्याआधी, १९३९ मध्ये, फ्रेदेरिक जोलियो यांच्या इथल्या प्रयोगशाळेतच, युरेनियमचा अणू फुटताना जादा न्यूट्रॉन बाहेर पडतात, म्हणजे साखळी प्रक्रिया शक्य आहे, हे दिसून आलं होतं.

मराठीशी या संस्थेचं नातं ज्यूल ब्लॉक यांच्यामुळे. मराठीच्या घडणीचा संस्कृत-प्राकृतापासून माग काढणारा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ म्हणून १९४१ मध्ये मराठीत आणला. ब्लॉक १९३७ ते १९५१ या काळात कोलेजमध्ये संस्कृतचे प्राध्यापक होते, त्यांचे गुरू सिल्व्हाँ लेव्ही यांच्याच जागी.

इतक्या पुढारलेल्या संस्थेत पहिली स्त्री प्राध्यापक यायला मात्र १९७३ साल लागलं : ग्रीकच्या जाकलीन द रोमिई. ग्रीकपासूनच सुरू झालेल्या संस्थेला त्यासाठी ४४३ वर्षं लागावीत, याचं समर्थन कुठल्याच परंपरेने होणार नाही.

आता व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण होतं आणि ती घरबसल्या फुकट ऐकता येतात. प्राध्यापकांसाठीचा दंडक मात्र कडक आहे : शिकवायचं ते चालू संशोधनातलं आणि दर वर्षी नवं. गेल्या वर्षीची टिपणं काढून वेळ मारून नेता येत नाही.