शिंद्यांच्या तोफांची पदके

१/
वानवडीची शिंदे छत्री आमच्या मांजरीपासून फार लांब नाही. महादजी शिंदे यांचे निधन १७९४ साली तेथेच झाले. छत्री पाहणाऱ्यांना महादजी ठाऊक असतात. मात्र त्यांच्या वारसांच्या तोफांचे पुढे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारतो. त्या तोफा वितळवून इंग्रजांनी पदके घडवली. हा थ्रेड त्या पदकांविषयी.

२/
महादजींनी डी बॉइनच्या साहाय्याने कवायती पलटणी उभारल्या. आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस त्यांच्यासाठी तोफा ओतीत असे. १८०३ च्या पराभवानंतरही शिंद्यांचा तोफखाना दबदबा राखून होता.

३/
फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या अल्पवयीन पत्नी ताराबाई यांनी जयाजीराव या बालकास दत्तक घेतले. कारभार कोणी पाहावा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात तेढ पडली. पंजाबात शीख फौज, ग्वाल्हेरात शिंद्यांची फौज; या दोन्ही एक झाल्या तर? या धास्तीने गव्हर्नर जनरल एलेनबरो याने सैन्य धाडले.

४/
२९ डिसेंबर १८४३. एकाच दिवशी दोन लढाया झाल्या: महाराजपूर आणि पनियार. महाराजपुरास सेनापती ह्यू गफ याच्या फौजेतील सुमारे ८०० माणसे ठार वा जखमी झाली. शिंद्यांचे अनेक गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच पडले. अखेर दोन्ही ठिकाणच्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या.

५/
तोफांचे कांसे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. तो लोखंडापेक्षा कमी उष्णतेला वितळतो आणि पुन्हा ओतता येतो. कलकत्त्याच्या टांकसाळीत या धातूचे सहा टोकांचे तारे घडवले गेले. मध्यभागी चांदीचा छोटा तारा, त्यावर लढाईचे नाव व तारीख. मागे आकडा होता; फीत पुष्कळांनी नंतर स्वतः लावून घेतली. महाराजपुरास तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या लेडी गफ आदी चार स्त्रियांना एलेनबरोने सोन्याचे, मिनाकाम केलेले तारे भेट दिले.

६/
उरलेल्या धातूलाही काम मिळाले. कलकत्त्यात हुगळीकाठी १८४७ साली ग्वाल्हेर स्मारक उभे राहिले. त्याच्या वरच्या भागात याच तोफांचे कांसे आहे. त्यावर नावे आहेत ती इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांची.

७/
लुटीचे स्मृतिचिन्ह करणे मराठ्यांनाही नवे नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आजही वाचता येते. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूसह मेरीची प्रतिमाही आहे. घंटा हरलेल्यांची आहे, हे ती पाहताच कळते.

८/
ग्वाल्हेरच्या तोफांना ही सोय उरली नाही. तोफ वितळली की तिच्यावरचा लेख, नक्षी, ओतणाऱ्याची खूण सारेच जाते. ताऱ्याच्या पाठीवर नाव कोरले जाई ते पदक मिळालेल्या सैनिकाचे. अशा सैनिकांत बंगाल फौजेतील हिंदी शिपाईही होते. एका हिंदी माणसाने ओढलेली तोफ दुसऱ्याच्या छातीवर पदक होऊन बसली.

९/
जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज ९,००० वर आणली गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ग्वाल्हेर कंटिंजंट वाढवले गेले. १८५७ मध्ये हेच कंटिंजंट उठले आणि तात्या टोपे यांच्यासोबत कानपूरवर चालून गेले.

१०/
हे तारे आजही लिलावात येतात आणि वर्णनात पदकधारकाची पलटण बारकाईने नोंदलेली असते. असे पदक संग्रहालयात वा छायाचित्रात दिसले, तर ते कोणी मिळवले याबरोबरच ते कशाचे घडवले, हेही अवश्य विचारावे. महाराजपूरच्या गोलंदाजांची नावे त्यावर नाहीत; त्यांच्या तोफांचा धातू मात्र तेथे आहे.