प्रस्तावना : नागालँड पासिंगचा ट्रक

कसारा घाट चढणाऱ्या ट्रकांच्या पाट्या वाचत गेले की कोहिमाची ‘एनएल ०१’ ही खूण हमखास भेटते. अशा अनेक गाड्यांचा रोजचा धंदा नागालँडपासून फार दूर चालतो. कारण विचारले तर ट्रान्सपोर्टवाले एका शब्दात सांगतात : टॅक्स. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्यापुढचे जाणून घ्यावेसे वाटणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो कायद्याचा विद्यार्थी असो की भाड्याचा हिशेब ठेवणारा मुनीम, इथे मनापासून स्वागत आहे.

राज्यघटनेने वाहनांवरचा कर राज्य सूचीत, ५७ व्या नोंदीत ठेवला. म्हणून दर राज्यागणिक बदलतात. उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. त्यात २०१० साली नॅशनल परमिटची पद्धत बदलली. पूर्वी राज्ये निवडून प्रत्येकाचे शुल्क वेगळे भरावे लागे. नव्या पद्धतीत वर्षाला १५,००० रुपयांच्या एकत्रित शुल्कात सगळा देश खुला झाला (पुढे ही रक्कम वाढली). परवाना एक झाला, कर मात्र वेगवेगळेच राहिले. मग मोठ्या ताफ्याचा मालक गाडी कुठे पास करायची याचा हिशेब मांडणारच.

कायदा म्हणतो, मालकाचे राहण्याचे वा धंद्याचे ठिकाण जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, तिथे नोंदणी करा. परराज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर नवा क्रमांक घ्या. पुण्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या पुदुच्चेरीच्या मोटारीला हे सहज लावता येते. पण सोमवारी चाकणला माल भरून पुढच्या आठवड्यात गुवाहाटीला रिकामा होणारा, तिथून मिळेल त्या भाड्याने तिसरीकडेच निघणारा ट्रक ‘एरवी’ कुठे असतो? त्याचे बारा महिने मोजायचे कोणी आणि कसे? या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न मला हाच वाटतो.

सरसकट करचुकवेगिरी म्हणून हा विषय निकालात काढू नये. फिटनेसची गोष्ट मात्र वेगळी. गाडी डोळ्यांनी न पाहता कुठेही प्रमाणपत्र दिले गेले, तर धोका चालकाच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाला असतो. बुडालेल्या करापेक्षा मला ते अधिक गंभीर वाटते.

जुने निकालही वाचावेत. अजमेर वेगळे राज्य होते तेव्हा नसिराबाद–देवळी मार्गावरच्या बस राजस्थानच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जात आणि राजस्थानने त्यांच्याकडे कर मागितला. रस्ता वापरल्याची ती भरपाई आहे, व्यापाराला अडथळा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने ठरवले. हा भरपाईचा सिद्धांत २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोडीत काढला.

कायद्याची सवय नसलेल्यांनी आधी एका ट्रकची आरसी, परमिट आणि कराची पावती शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. निकालांकडे नंतर वळले तरी चालेल.