पंचांची सही

माझं घर अंबरनाथ पश्चिमेला. वकिली करते उल्हासनगर आणि कल्याणच्या कोर्टांत. अकस्मात मृत्यूचं प्रकरण हाती आलं की मी आधी इन्क्वेस्ट पंचनामा वाचते. प्रेताची स्थिती, अंगावरचे कपडे, दागिने, दिसणाऱ्या जखमा हे सगळं त्यात क्रमानं नोंदवलेलं असतं. अखेरीस पंचांचं मत येतं: मृत्यू अमुक कारणाने झाला असावा, तरी नक्की कारण समजण्यासाठी प्रेत शवविच्छेदनास पाठवावे. खाली दोन सह्या.

या सह्यांना मोठा इतिहास आहे. 1867च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावात कुणी अचानक किंवा अनैसर्गिकरीत्या मेलं, तर दोन किंवा अधिक समजदार माणसं जमवून चौकशी करण्याचं काम पोलीस पाटलावर टाकलं. मुंबई शहराची तऱ्हा वेगळी होती. 1871च्या कायद्याने तिथे कॉरोनर बसे आणि ज्यूरीच्या मदतीने मृत्यूचं कारण ठरवी. ते पद 1999 साली रद्द झालं. तेव्हा कल्याण तालुक्यात असलेलं आपलं अंबरनाथ कॉरोनरच्या हद्दीबाहेर. इथे भिस्त होती ती पाटील, पोलीस आणि पंचांवर.

डॉक्टर सांगतो, माणूस कशाने मेला. तो स्वतःच्या हाताने मेला, अपघाताने की दुसऱ्याच्या हाताने, हा प्रश्न तपासाने सोडवायचा असतो. रेल्वे रुळावरचंच प्रेत घ्या. जखमा जिवंतपणी झाल्या असतील तर आसपासच्या पेशींत रक्त झिरपलेलं सापडतं. ते नसेल, तर प्रेत नंतर रुळावर आणून टाकलं का, हे शोधावं लागतं. विषाचा संशय असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, बरण्या सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. पोलिसांच्या भाषेत, व्हिसेरा राखून ठेवतात.

आपल्या दारावरून गेलेल्या एका गाडीची हकीकत या कामात प्रत्येकाने लक्षात ठेवावी. 12 नोव्हेंबर 1956च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे आपले डॉक्टर अनंत लागू यांच्यासोबत मुंबईला निघाल्या. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, कल्याण करत गाडी पहाटे व्हीटीला पोचली. बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना जी. टी. रुग्णालयात वेगळ्याच नावाने दाखल केलं आणि दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. त्यांना मधुमेह होता, म्हणून मृत्यू मधुमेहातल्या बेशुद्धीमुळे झाल्याची नोंद झाली. शवविच्छेदन दहा दिवसांनी झालं आणि रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. इकडे नातलगांना मात्र लक्ष्मीबाईंच्या नावाने बनावट पत्रं येत राहिली. खोटं नाव, ती पत्रं, हडपलेली मालमत्ता असे दुवे जोडत न्यायालय लागूंनीच खून केला, या निष्कर्षाला आलं. सर्वोच्च न्यायालयात दोघा न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली, तर तिसऱ्यांना पुरावा अपुरा वाटला. विष न सापडणं म्हणजे विष नव्हतंच असं नव्हे, हा त्या निकालाचा धडा.

वरवरच्या कारणावर विसंबू नये, हा धडा आत्महत्येच्या तपासाला उशिरा, 1983 साली लागू झाला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला किंवा तिने आत्महत्या केली, तर शवविच्छेदन बंधनकारक ठरलं. ‘स्टोव्ह भडकला’ या एका वाक्यावर फाइल बंद व्हायची, त्या काळाला कायद्याने दिलेलं हे उत्तर. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174ची जागा 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194ने घेतली आहे. पोलिसांचा अहवाल 24 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा, असंही ते सांगतं.

कलम बदललं तरी पंच तुमच्याआमच्यातलेच असतात. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, चहावाला, शेजारी. उद्या हवालदाराने बोलावलं तर टाळू नका. प्रेत स्वतः पाहा, लिहिलेलं पूर्ण वाचा, न पाहिलेलं लिहू देऊ नका आणि कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. पंचनामा हा मेलेल्या माणसाच्या बाजूने साक्ष देणारा पहिला कागद असतो.